अ.पा.क.: दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्यांचा इतिहास कसा वाचायचा?

सातबारा उतारा हातात आला की आपण गट नंबर बघतो, क्षेत्र बघतो, नाव बघतो आणि कागद घडी करून ठेवतो. नावाशेजारी कधीकधी तीन अक्षरं असतात: अ.पा.क. म्हणजे 'अज्ञान पालक कर्ता'. जमीन एका लहान मुलाच्या नावावर आहे, पण व्यवहार त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी बघतंय, एवढं सगळं या तीन अक्षरांत आहे. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, त्याला मुलं होतात, तरी पुष्कळदा हा शेरा तसाच राहतो. कारण तो आपोआप जात नाही, अर्ज करून काढावा लागतो.

आजच्या लेखाचा विषय या तीन अक्षरांमागचा इतिहास आहे. ज्याला स्वतःच्या पैशाचे निर्णय घेता येत नाहीत (किंवा घेता येत नाहीत असं कुणीतरी ठरवलंय) त्याची मालमत्ता कोण सांभाळतं? आणि सांभाळणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतं? विषय कायद्याचा वाटेल, पण तुमच्यातल्या जे सामाजिक किंवा आर्थिक इतिहासात पीएचडीची तयारी करतायत त्यांच्यासाठी ही एक खाणच आहे. आणि सोलापूरकरांना त्यासाठी फार लांब जायचीही गरज नाही.

आधी शब्द बघू

संशोधनात माझा एक साधा नियम आहे. विषय कळत नसेल तर आधी त्याचे शब्द गोळा करायचे. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या मुलाला कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणतात, मोठा झाला की 'सज्ञान'. उर्दू-फारसी वळणाच्या कागदांत 'नाबालिग' सापडतो. दोन्ही शब्द एकाच माणसाबद्दल असले तरी त्यांचा रोख वेगळा आहे. 'नाबालिग' सांगतो की हा अजून वयात आला नाही. 'अज्ञान' सांगतो की याला कळत नाही. पहिला शब्द वयाबद्दल आहे आणि वय मोजता येतं. दुसरा समजेबद्दल आहे, आणि समज मोजायची कशी हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मुलाच्या बाबतीत हा घोळ फारसा होत नाही, कारण वाढदिवस आला की विषय संपतो. मोठ्या माणसाचं काय? मानसिक आजार असलेला, बेशुद्ध पडलेला, म्हातारपणात विसरायला लागलेला, कर्ज काढत सुटलेला, किंवा सरकारच्या मते नीट कारभार न करणारा. या सगळ्यांना वेगवेगळ्या काळात एकाच खणात टाकलं गेलं आहे. बंगालच्या 1879 च्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स कायद्यात तर स्वतःची मालमत्ता सांभाळायला असमर्थ ठरवलेल्या बायका हा अज्ञान आणि वेडे यांच्याच रांगेतला वर्ग होता. मुंबई इलाख्याने स्वतःचा कोर्ट ऑफ वॉर्ड्स कायदा 1905 मध्ये केला. हे कायदे वाचताना 'कलम काय म्हणतं' एवढ्यावर थांबू नका. यादीत कोणाकोणाला बसवलंय ते बघा. त्या काळातलं सरकार कुणाला पूर्ण माणूस मानत होतं, ते त्या यादीत दिसतं.

अक्कलकोट: गादी आहे, कारभार नाही

सोलापूरजवळचं उदाहरण म्हणजे अक्कलकोट. आज आपण स्वामी समर्थांमुळे अक्कलकोट ओळखतो. पण ते भोसल्यांचं संस्थान होतं, साधारण 498 चौरस मैलांचं. साताऱ्याच्या छत्रपतींनी ही जहागीर दिलेली, बदल्यात घोडदळ पुरवायचं. 1849 मध्ये सातारा खालसा झाल्यावर अक्कलकोटचे राजे थेट इंग्रज सरकारचे मांडलिक झाले. 1868 मध्ये घोडदळाची अट गेली आणि तिच्या जागी वर्षाला 14,592 रुपये रोख द्यायचे ठरले.

आता तारखा नीट बघा. 1866 मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन इंग्रजांनी तेव्हाचे राजे मालोजीराव यांना कारभारातून दूर केलं आणि संस्थान आपल्या व्यवस्थेखाली घेतलं. 1870 मध्ये ते वारले. मागे राहिला लहान मुलगा, शहाजीराव. मग व्यवस्था तशीच पुढे चालली, ती 1891 पर्यंत. 1891 मध्ये शहाजीरावांच्या हाती कारभार आला आणि 1896 मध्ये ते वारले. गादीवर आले दत्तक घेतलेले फत्तेसिंहराव, तेही अज्ञान. म्हणजे पुन्हा तेच.

1866 ते 1891 ही पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत कारभार राजाच्या हातात नसण्याची कारणं दोन होती आणि ती एकमेकांपासून पूर्ण वेगळी होती. पहिली चार वर्षं राजा मोठा होता, पण 'नालायक' ठरवला गेला. पुढची एकवीस वर्षं राजा खरोखरच लहान होता, निदान सुरुवातीला तरी. पण तिजोरीच्या बाजूने पाहिलं तर 1870 मध्ये काहीच बदललं नाही. सोलापूरचा कलेक्टर हाच अक्कलकोटचा पोलिटिकल एजंट. 1869 मध्येही आणि 1871 मध्येही.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कारण बदललं, व्यवस्था बदलली नाही. तुम्ही जेव्हा म्हणता की 'राजा अज्ञान होता म्हणून सरकारने कारभार हाती घेतला', तेव्हा अक्कलकोटच्या बाबतीत हे वाक्य चुकतं. सरकार चार वर्षं आधीच आत आलेलं होतं. अज्ञानपणाने त्याला राहायचं कारण दिलं, येण्याचं नाही.

आणि 1891 चं काय? ब्रिटिश हिंदुस्थानात 1875 चा सज्ञानता कायदा होता. साधारण वय अठरा. पण कोर्टाने पालक नेमला असेल किंवा मालमत्ता कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे असेल तर एकवीस. म्हणजे ज्याचा पैसा सरकारी देखरेखीखाली, तो तीन वर्षं जास्त 'अज्ञान'! अक्कलकोट संस्थान असल्याने हा कायदा तिथे जसाच्या तसा लागू नव्हता. पण गणित करून बघा. 1870 मध्ये गादीवर बसलेलं मूल 1891 मध्ये किमान एकवीस वर्षांचं असणारच. बाहेरच्या कायद्याची सावली आतही पडली होती का, हा एक चांगला संशोधन-प्रश्न आहे. कुणाला घ्यायचा असेल तर घ्या.

हिशेब कुणाला द्यायचा?

इथे एक फरक डोक्यात पक्का करा, नाहीतर पुढे गोंधळ होतो. संस्थानिकाच्या बाबतीत निर्णय पोलिटिकल खातं घ्यायचं. सामान्य माणसाच्या बाबतीत कोर्ट. दोन्हीकडे शब्द सारखेच: अज्ञान, पालक, व्यवस्था, हिशेब. पण उत्तरदायित्व अगदी वेगळं.

कोर्टाचा रस्ता असा होता. 1858 मध्ये वेडसरपणासंबंधी तीन कायदे आले. त्यातला 35 वा कायदा जिल्ह्याच्या कोर्टांसाठी होता: आधी चौकशी, मग व्यवस्थापक. मुंबई इलाख्यातल्या अज्ञान मुलांसाठी 1864 चा 20 वा कायदा आला. 1890 मध्ये गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट आला, तो आजही चालू आहे. 1912 मध्ये इंडियन लुनसी अॅक्ट आला. या सगळ्यांचा गाभा एकच. ज्याच्या हातात दुसऱ्याची मालमत्ता आहे त्याने आधी यादी द्यायची, मग दरवर्षी हिशेब द्यायचा, आणि विकायचं किंवा गहाण टाकायचं असेल तर आधी कोर्टाला विचारायचं. 1890 च्या कायद्यात कोर्टाने नेमलेल्या पालकाला पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टासुद्धा परवानगीशिवाय करता येत नाही.

कोर्टात दावा लागला आणि मुलाच्या बाजूने उभं राहायला कुणी नातेवाईक तयार नसेल, तर कोर्टाचाच नाझर पालक म्हणून उभा केला जाई. जुन्या निकालांत असे नाझर सापडतात.

घरातल्या घरात चालणाऱ्या व्यवस्थेलाही लगाम होता. 1856 मध्ये हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की अज्ञान वारसाची मालमत्ता सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादित असतो. गरज असेल किंवा मालमत्तेचं भलं होणार असेल तरच त्याने कर्ज काढावं. पैसे देणाऱ्या सावकारानेही गरज खरी आहे ना, याची चौकशी करायची. पुढे 1903 मध्ये मोहोरीबिबी खटल्यात अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, असा निकाल आला. या दोन निकालांच्या मधल्या पन्नास वर्षांत सावकार, पालक आणि अज्ञान वारस या तिघांचं नातं कसं बदललं, यावर एक आख्खा प्रबंध होईल.

आता संस्थानाकडे या. तिथे ही कोर्टाची चौकट नव्हती. पोलिटिकल एजंट वर मुंबई सरकारला अहवाल पाठवायचा. म्हणजे व्यवस्था करणारा आणि तपासणारा एकाच घरातले.

कोल्हापूर: जेव्हा कुणीतरी विचारलं

असं असताना बाहेरून कुणी प्रश्न विचारला तर काय व्हायचं? याचं उत्तर कोल्हापुरात आहे. योगायोग असा की तिथलीही कथा 1870 मध्येच सुरू होते. छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले आणि चौथे शिवाजी दत्तक म्हणून गादीवर आले, तेही लहानच. पण ते मोठे होत असताना त्यांना वेड लागलं आहे असं जाहीर झालं. म्हणजे एक कारण संपत आलं आणि दुसरं उभं राहिलं. अक्कलकोटचीच मांडणी, फक्त उलट्या क्रमाने. तिकडे आधी नालायकी, मग अज्ञानपण. इकडे आधी अज्ञानपण, मग वेड.

महाराजांचा छळ होतोय, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'ने केला. रोख कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर होता. ज्या पत्रांवर आरोप उभे होते ती कोर्टात टिकली नाहीत. जुलै 1882 मध्ये टिळक आणि आगरकरांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची कैद झाली. आगरकरांनी त्या 101 दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिलं, ते तुम्हाला माहीत असेल. 25 डिसेंबर 1883 रोजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. वय विशीचं.

हा प्रसंग आपण सहसा टिळक-आगरकरांच्या चरित्रात वाचतो. तो पालकत्वाच्या इतिहासात ठेवून बघा. सरकार म्हणत होतं महाराज वेडे आहेत. पत्रं म्हणत होती महाराजांना वेडं केलं जातंय. दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं. पण स्वतः महाराज काय म्हणत होते? ज्याच्याबद्दल सगळा वाद, त्याचाच आवाज त्यात नाही. ज्यांच्यामार्फत त्याचं म्हणणं बाहेर यायचं त्यांच्यावरच आरोप, आणि बाहेर आलेली पत्रं कोर्टात टिकेनात. पालकत्वाच्या साधनांचा हाच सगळ्यात मोठा दोष आहे: बोलणारा नेहमी पालक असतो.

सोलापूरचा शेतकरी: अर्धा अज्ञान

राजे-महाराजे सोडून आता शेतात या. 1875 मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो पसरला. मग चौकशी झाली आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. सुरुवातीला तो लागू केलेले जिल्हे चार: पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर.

या कायद्याने शेतकऱ्याचा पैसा कुणा दुसऱ्याच्या हातात दिला नाही. पण त्याची सही एकटी पुरेशी नाही, असं मात्र ठरवलं. खत करायचं तर गावच्या रजिस्ट्रारपुढे. कोर्टात आलं तर न्यायाधीशाने नुसता कागद बघायचा नाही, पहिल्या देण्यापासूनचा सगळा व्यवहार उकरून काढायचा. सावकाराने पावती द्यायची, मागितला तर हिशेबही द्यायचा. कर्जासाठी तुरुंगात टाकणं बंद झालं.

बघा, कलमं ओळखीची वाटतायत ना? हिशेब, तपासणी, व्यवहाराआधी अधिकाऱ्याची नजर. पालकाच्या कायद्यातलं हे सामान इथे सज्ञान, धडधाकट, स्वतःच्या शेतात राबणाऱ्या माणसासाठी वापरलं आहे. सरकारी भाषेत रयत 'अज्ञानी' होती. 'अज्ञान' आणि 'अज्ञानी' यांच्यात एका वेलांटीचा फरक, पण 1879 मध्ये तो फरक बराच पुसट झाला.

याने शेतकऱ्याचा फायदा झाला का? काही बाबतीत नक्की. पण संरक्षणाची किंमतही होती. सावकारांनी गहाणखताऐवजी विक्रीखत करून घ्यायला सुरुवात केली. जमीन परत देण्याची बोली फक्त तोंडी. ज्याच्याशी व्यवहार करणं धोक्याचं, त्याला व्यवहारच अवघड होतात. हे तत्त्व लक्षात ठेवा, कारण ते आजही लागू आहे.

आज काय आहे?

समजा, सोलापुरातल्या एका घरात आईला स्मृतिभ्रंश झाला. पेन्शन तिच्या खात्यात येते, औषधाचा खर्च मोठा, आणि आता सही जुळत नाही. मुलगी म्हणते, 'अहो, आईने दोन वर्षांपूर्वीच मला मुखत्यारपत्र करून दिलंय.' पण 1872 च्या करार कायद्याच्या 201 व्या कलमानुसार, मुखत्यारपत्र करून देणारा माणूस विकल मनाचा झाला की मुखत्यारी संपते. म्हणजे कागदाची खरी गरज लागते, नेमका त्याच दिवशी तो निकामी!

मग पालक नेमून घ्यायचा का? 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण होतं, जिल्हा कोर्टात अर्ज करता येई. 2017 च्या नव्या कायद्याने तो रद्द केला. नवा कायदा उपचारांबाबत माणसाची इच्छा, आगाऊ सूचना, नामनिर्देशित प्रतिनिधी यांना महत्त्व देतो, आणि ते चांगलंच आहे. पण मालमत्तेच्या व्यवस्थेचं प्रकरण त्यात आलंच नाही. 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीमार्फत पालक मिळतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे: दोघांनी मिळून, विश्वासाने निर्णय घ्यायचा. पण जो कोमात आहे तो मिळून कसा घेणार? म्हणून अशी कुटुंबं थेट उच्च न्यायालयात रिट याचिका घेऊन जातात. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचनाही घालून दिल्या.

एक मजेशीर धागा सांगतो. 1912 च्या कायद्यात व्यवस्थापकाने स्थावर मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यायची होती. 1999 च्या कायद्यातही पालकाला यादीसाठी मुदत सहा महिन्यांचीच, आणि वार्षिक हिशेब वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत. मधे देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, 'लुनॅटिक' हा शब्द कायद्यातून गेला. सहा महिने मात्र तिथेच! कायद्यांचा इतिहास लिहिताना मोठमोठ्या शब्दांपेक्षा असे छोटे आकडे जास्त सांगून जातात. भाषा बदलते तेव्हा यंत्रणा बदललीच असेल असं धरून चालू नका.

मग संशोधन कसं करायचं?

हा विषय घ्यायचा असेल तर कागद कमी पडणार नाहीत. मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत पोलिटिकल आणि महसूल खात्यांची दप्तरं आहेत, छापील लॉ रिपोर्ट आहेत, आणि गावोगावचे फेरफार आहेत. अडचण कागद मिळण्याची नाही, वाचण्याची आहे. मी प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न विचारतो.

पहिला: असमर्थ कुणी ठरवलं, आणि ठरवणाऱ्याला त्यातून काय मिळालं? गॅझेटियरमध्ये 'गैरकारभारामुळे दूर केले' असं एका ओळीत येतं. ती ओळ लिहिणारं सरकार आणि दूर करणारं सरकार एकच आहे. याचा अर्थ ती ओळ खोटी आहे असा नाही. पण ती एका पक्षाची बाजू आहे आणि तळटीप देताना हे भान हवं.

दुसरा: हिशेब कुणापुढे ठेवला गेला? कोर्टापुढे असेल तर हरकती सापडतील, नातेवाइकांची भांडणं सापडतील, म्हणजे दुसरा आवाज सापडेल. खात्याच्या वरिष्ठापुढे असेल तर बहुधा गुळगुळीत अहवाल मिळेल. गुळगुळीत अहवाल दिसला की तिथेच थांबून जास्त खोदायचं.

तिसरा: परत देण्याच्या दिवशी काय झालं? पालकत्व ही तात्पुरती गोष्ट असते, निदान कागदावर. म्हणून सुरुवातीची यादी आणि शेवटची यादी शेजारी ठेवून बघा. काय वाढलं, काय गेलं, आणि मधल्या काळात पगार कुणाकुणाचे निघाले? दुसऱ्याच्या पैशाची व्यवस्था लागते तेव्हा व्यवस्थेचा खर्चही त्याच पैशातून जातो.

शिवाय एक चौथी गोष्ट, जी प्रश्न म्हणून विचारता येत नाही. ज्याचा पैसा आहे त्याचा स्वतःचा शब्द सगळ्या दप्तरात कुठे आहे का, हे शोधत राहायचं. एखादा अर्ज, एखादी तक्रार, मोडक्या अक्षरातली एखादी सही. बहुतेक वेळा नाही सापडत. सापडलं नाही तर तसं प्रबंधात स्पष्ट लिहा आणि ती जागा पालकाच्या शब्दांनी भरू नका.

सुरुवात घरापासूनच करा. घरातले जुने फेरफार काढा आणि अ.पा.क. कुठे दिसतंय ते बघा. तो शेरा कोणत्या वर्षी लागला, कोणत्या वर्षी निघाला, आणि मधल्या काळात त्या जमिनीचं काय झालं एवढं एका कागदावर मांडा. पालक बहुतेक वेळा आई असेल, काका असेल. दोघांचे शेरे वेगळे काढा आणि कुणाच्या वेळी जमीन टिकली ते ताडून बघा. दोन-तीन गावांचे फेरफार असे मांडून झाले की तुमच्याकडे एका लेखाचा कच्चा माल तयार असेल.